मारुती ८०० चं इंजिन खोलताना : पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडचं काम पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

माझ्याकडे १९९८ ची कार्बोरेटरवाली मारुती ८०० आहे. तिचं इंजिन मी दोनदा खोललं. पहिल्यांदा गरज होती म्हणून, आणि दुसऱ्यांदा पहिल्या वेळी केलेली चूक निस्तरायला. बोल्ट आवळण्यात दोन्ही वेळा काहीच चुकलं नव्हतं. चुकलं ते खुणा करण्यात, धुण्यात, आणि मोजमाप घेण्याआधी दुकानात जाण्यात. नवा माणूस टॉर्क पान्याला घाबरतो आणि रॉकेलच्या घमेल्याकडे दुर्लक्ष करतो. माझंही तेच झालं.

शिकायला हे इंजिन चांगलं आहे. ही गाडी डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ एवढा काळ बनत होती, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात आणि हे इंजिन खोललेला मिस्त्री प्रत्येक गावात सापडतो. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा वरखाली प्रवास) ७२ मिमी. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. तुमची गाडी दुसरी असेल तरी कामाचा क्रम हाच राहील. आकडे मात्र तुमच्या मॅन्युअलमधले घ्या.

१. आधी खात्री करा : हे पिस्टनचंच काम आहे का?

निळा धूर दिसला की "रिंगा गेल्या" म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. तो धूर कधी येतो ते बघा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करताना एकदाच भपकन निळा धूर आला आणि थांबला, तर बहुधा व्हॉल्व्हची ऑइल सील गेलेली असतात. घाट उतरताना पाय उचललेला असतो, नंतर ॲक्सिलरेटर दिल्यावर धूर येतो, तेव्हाही संशय सील आणि गाइडवरच. चढावर, लोडवर सतत निळा धूर येत असेल आणि चालू इंजिनचं ऑइलचं झाकण उघडल्यावर फस्‌फस्‌ करून बाहेर हवा येत असेल, ज्याला गॅरेजवाले "बॅक कॉम्प्रेशन मारतंय" म्हणतात, तर रिंगा आणि बोअर. पांढरा धूर आणि पाणी कमी होणं ही हेड पॅकिंगची गोष्ट, तिचा इथे संबंध नाही.

आवाजांचंही तसंच. थंड इंजिनात टकटक आणि गरम झाल्यावर बंद, म्हणजे पिस्टन बोअरमध्ये सैल झालाय. चढावर खालून येणारा जाड, दबका ठोका आणि आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकणं, म्हणजे बिग एंडची (रॉडच्या क्रँकवर बसणाऱ्या मोठ्या टोकाची) बेअरिंग. हा दुसरा आवाज ऐकल्यावर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, ओढून न्या. रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला तर पुढचा लेख वाचायची गरजच उरणार नाही.

मग कॉम्प्रेशन टेस्ट. इंजिन गरम, तिन्ही प्लग काढलेले, कॉइलची वायर सोडलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चांगल्या पेट्रोल इंजिनात गेज साधारण १२–१३ किलोपर्यंत जातो. एका सिलिंडरपासून दुसऱ्यात एक किलोपेक्षा जास्त फरक नको. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडा आणि पुन्हा बघा. आकडा चढला तर गळती रिंगांतून, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजते. तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर दोघांच्या मधलं हेड पॅकिंग गेलेलं असतं. अर्ध्या तासाची ही टेस्ट न करता इंजिन खोललेले लोक मी पाहिलेत. त्यांतल्या एकाचं काम नुसत्या व्हॉल्व्ह सीलमध्ये भागलं असतं.

२. काय काय लागेल

कागद आधी. तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधली इंजिनची पानं छापून भिंतीवर चिकटवा. मोबाइलवर ठेवलीत तर ऑइलच्या बोटांनी स्क्रीन उघडत बसाल. एक वही. आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवर ठोकलेला नंबर एकच आहे ना ते खोलण्याआधी बघून घ्या. का ते पुढे सांगतो.

हत्यारं :

- गोटी पाना सेट आणि टॉर्क पाना
- फिलर गेज
- मायक्रोमीटर दोन : २५ ते ५० मिमी आणि ५० ते ७५ मिमी
- बोअर डायल गेज (विकत घेऊ नका, बोरिंगवाल्याकडे असतो)
- रिंग एक्सपांडर आणि रिंग कॉम्प्रेसर
- प्लास्टिगेज (बेअरिंगची फट मोजायचा मऊ प्लास्टिकचा दोरा)
- नंबर ठोकायचे पंच
- लाकडी दांड्याची हातोडी, तीही दांड्यासाठी
- पेट्रोल पाइपचे बोटभर लांबीचे दोन तुकडे
- तीन ट्रे, १, २, ३ लिहिलेले
- रॉकेल, भांडी घासायचा साबण, आणि भरपूर पांढरी सुती चिंधी

चिंधी पांढरीच हवी. रंगीत चिंधीवर मळ दिसत नाही.

३. खोलणं

बॅटरी सोडा, पाणी काढा, ऑइल काढा. ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये घ्या आणि त्यात चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटली ती लोखंडी कीस, म्हणजे रिंगा किंवा क्रँक. न चिकटणारी चकचकीत पूड असेल तर बेअरिंगचा किंवा पिस्टनचा धातू. वहीत लिहा.

टायमिंग बेल्ट काढण्याआधी इंजिन टायमिंगच्या खुणांवर आणून ठेवा आणि फोटो काढा. जुना बेल्ट परत चढवायचा नाही, कितीही चांगला दिसला तरी. हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच सोडायचे, कडेकडून मध्याकडे, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे. गरम ॲल्युमिनियमचं हेड एका बाजूने सोडलं तर वाकतं, आणि मग प्लेन करायचा खर्च वाढतो.

चेंबर (इंजिनखालचा ऑइलचा डबा) काढायला सायलेन्सरचा पुढचा पाइप आणि क्लच हाउसिंगखालची पत्र्याची प्लेट सोडावी लागते. गाडी लोखंडी घोडीवर असेल तरच खाली शिरा. नुसत्या जॅकवर नाही. एवढ्यात हेड वरून आणि चेंबर खालून निघाला की इंजिन गाडीतच असतानाही पिस्टन काढता येतात. बोअर करायचं (सिलिंडर मशीनवर मोठे करून घ्यायचे) ठरलं तर मात्र ब्लॉक बाहेर काढावाच लागतो. मला विचाराल तर इंजिन उतरवूनच काम करा. टेबलावर उजेडात जे दिसतं ते गाडीखाली पाठीवर झोपून दिसत नाही.

४. खुणा : एकही कॅप सोडण्याआधी

कनेक्टिंग रॉडचा मोठा डोळा कॅप (त्याचा सुटणारा खालचा अर्धा भाग) लावून, एकत्र धरून गोल केलेला असतो. म्हणून एका रॉडची कॅप दुसऱ्या रॉडला कधीच बसत नाही, दिसायला अगदी बसली तरी. कॅप उलटी फिरवून लावली तरी तोच घोटाळा. रॉडवर आणि कॅपवर नंबर आहेत का बघा. नसतील तर एकाच बाजूला, रॉडवर आणि कॅपवर, हलक्या हाताने पंचाने १, २, ३ ठोका. १ नंबर टायमिंग बेल्टच्या बाजूचा. पिस्टनच्या डोक्यावर बाण किंवा टिंब असतं, ते बेल्टच्या बाजूला आहे ना तेही बघून ठेवा.

मार्कर पेनने लिहू नका. मी लिहिलं होतं. रॉकेलच्या घमेल्यातून तीन कोरे करकरीत रॉड बाहेर आले आणि माझ्या हातात तीन कॅप होत्या. शेवटी मशीनिंगच्या रेषा आणि शेलच्या (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्यांच्या) झिजेवरून जोड्या जुळवल्या, त्यात एक अख्खा रविवार गेला.

कॅप जागेवर असतानाच रॉड आणि क्रँकच्या बाजूची फट फिलर गेजने मोजून लिहून ठेवा. नंतर मोजायला पुन्हा बांधावं लागतं.

५. पिस्टन वर काढणं

सिलिंडरच्या वरच्या टोकाशी नख फिरवा. रिंग जिथपर्यंत जाते तिथपर्यंत बोअर झिजलेला असतो, त्याच्या वर न झिजलेली कड उरते. नख अडकलं तर आधी कार्बन खरवडा, तरीही कड लागली तर रिज रीमरने काढा. तसाच पिस्टन ठोकलात तर वरची रिंग कडेला अडकून पिस्टनची खाच तुटते.

या इंजिनात तिन्ही क्रँकपिन (क्रँकवरच्या रॉड बसायच्या गोल जागा) एकमेकींपासून १२० अंशांवर आहेत, म्हणजे एका वेळी एकच पिस्टन अगदी खाली असतो. जो काढायचा तो खाली आणा, नट सोडा, कॅप काढा, आणि रॉडच्या दोन्ही बोल्टांवर पेट्रोल पाइपचे तुकडे चढवा. त्या बोल्टांचे आटे क्रँकपिनवर घासले तर चर पडते. मग हातोडीच्या लाकडी दांड्याने खालून ढकला, वरून दुसऱ्याने झेलायचं. बाहेर येताक्षणी कॅप आणि शेल त्याच रॉडला परत लावून त्या नंबरच्या ट्रेमध्ये.

६. धुणं आणि वाचणं

ब्लॉकसारखे बिडाचे भाग काही ठिकाणी कॉस्टिकच्या उकळत्या टाकीत टाकतात. पिस्टन त्यात चुकूनही जाऊ देऊ नका. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं. हेडही नाही. पिस्टन रॉकेलमध्ये रात्रभर भिजवा. खाचांतला कार्बन काढायला जुनी रिंग मोडून तिचा तुकडा वापरा, पण खाचेची भिंत न ओरबाडता. पिस्टनच्या अंगावर वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर नको.

धुतलेला पिस्टन उजेडात धरला की तो इंजिनची हकिगत सांगतो. अंगावरचा घासल्याचा पट्टा तिरका असेल, एका बाजूला वर आणि समोरच्या बाजूला खाली, तर रॉड वाकलाय. चारही कोपऱ्यांवर घासल्याचे डाग असतील तर इंजिन कधीतरी जबर तापलेलं आहे, मालक काहीही म्हणो. डोक्यावर वितळल्यासारखे खड्डे असतील तर मिश्रण पातळ किंवा टायमिंग फार पुढे. ते दुरुस्त न करता नवा पिस्टन घातलात तर तोही जळेल.

मोजताना एक लक्षात ठेवा : पिस्टन गोल नसतो. तो किंचित लंबगोल असतो, आणि वर कमी, खाली जास्त, कारण वरचा भाग जास्त तापून जास्त फुगतो. म्हणून मोजमाप गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात, स्कर्टच्या (पिस्टनच्या रिंगांखालच्या अंगाच्या) खालच्या भागात, मॅन्युअलने सांगितलेल्या उंचीवर. व्हर्निअरने नाही, मायक्रोमीटरने.

गजन पिन दोन तऱ्हेच्या असतात. दोन्ही बाजूंना लॉक असलेली, हाताने सरकणारी, आणि रॉडच्या छोट्या डोळ्यात दाबून बसवलेली. दुसरीला हातोडी लावायची नाही. ती प्रेसवरच निघते आणि प्रेसवरच बसते. ठोकून काढली तर पिस्टन अंडाकृती होतो आणि रॉड वाकतो.

७. कनेक्टिंग रॉड

नवशिक्यांकडून सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच भागाकडे होतं, कारण तो झिजलेला "दिसत" नाही. पण ३००० आरपीएमला पिस्टन दर सेकंदाला १०० वेळा थांबून उलट फिरतो. प्रत्येक वेळी त्याला ओढायचं आणि ढकलायचं काम हा रॉड आणि त्याचे दोन बोल्ट करतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापुरात शिरलं, तेव्हा कित्येक गाड्या बुडाल्या. बुडालेल्या गाडीला सेल्फ मारला की सिलिंडरमधलं पाणी दबत नाही, वाकतो तो रॉड. गाडी नंतर चालू होते, चालतेही, फक्त एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कायमचं कमी राहतं, कारण वाकून आखूड झालेला रॉड पिस्टनला पुरेसा वर नेत नाही. तुमची गाडी सेकंडहँड असेल तर हेड काढल्यावर तिन्ही पिस्टन एकेक करून अगदी वर आणा आणि ब्लॉकच्या तोंडापासून ते किती खाली राहतात ते मोजा. तिघांत फरक पडला तर रॉड ॲलाइनरवर लावून घ्या. आणि तुमची गाडी पुढे कधी पाण्यात सापडली तर सेल्फला हात न लावता आधी प्लग काढा.

वाकलेला रॉड सरळ करून देणारे भेटतील. मी तरी बदलतो.

बोल्ट आणि नट नवे घ्या. जुना बोल्ट ताणला गेलेला असेल तर नट हाताने शेवटपर्यंत फिरत नाही, मध्येच अडतो. एखादाच रॉड बदलत असाल तर वजन जुळवा. पिस्टन, पिन, रॉड मिळून तिन्ही जोड्यांत दोन-चार ग्रॅमचाच फरक चालेल, नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये. मी गुजरीतल्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर वजन केलं. त्याने काट्याखाली वर्तमानपत्र घातलं आणि वर विचारलं, "किती कॅरेट?"

शेल बेअरिंग बघा. वरचा करडा थर जाऊन खालचा तांबूस थर दिसायला लागला की ती गेली. क्रँकपिन मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजा. लंबगोल झाली असेल किंवा नखाला चर लागत असेल तर क्रँक ग्राइंड होऊन ०.२५ किंवा ०.५० अंडरसाइज शेल लागतील. गॅरेजच्या भाषेत "दहाची" आणि "वीसची", म्हणजे इंचाचे दहा आणि वीस हजारांश भाग.

इथला जुगाड म्हणजे सैल बेअरिंगच्या पाठीमागे सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद घालणं, किंवा कॅपची तोंडं घासून ती घट्ट करणं. दोन्ही प्रकारांत ठोका काही दिवस बंद होतो. पण कागदामुळे शेलची उष्णता रॉडमध्ये जात नाही, आणि घासलेली कॅप पुन्हा कधीच गोल होत नाही, रॉड भंगारात जातो.

८. बोअर मोजणं, आणि मगच निर्णय

या कामातला सगळ्यात महागडा निर्णय इथे होतो, म्हणून घाई नको. प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजायचं : क्रँकच्या लांबीला समांतर आणि आडवं. तीन सिलिंडरांचे अठरा आकडे. झीज सगळ्यात जास्त वर आणि आडव्या दिशेला सापडते, कारण पेट्रोल पेटल्यावर पिस्टन त्याच बाजूला दाबला जातो आणि वर ऑइल सगळ्यात कमी पोचतं.

बोअर गेज मिळालाच नाही तर एक युक्ती आहे. नवी रिंग बोअरमध्ये टाका, उलट्या पिस्टनने सरळ ढकला, आणि तिच्या दोन टोकांतली फट फिलर गेजने मोजा. एकदा वर, एकदा अगदी खाली. दोन फटींच्या फरकाला ३.१४ ने भागलं की बोअर वर किती जास्त झिजला ते मिळतं. माझ्या २ नंबरला वर ०.६२ आणि खाली ०.२७ मिमी फट आली. फरक ०.३५, म्हणजे झीज ०.११ मिमी. गेजनेही तेवढीच आली. लंबगोलपणा मात्र या युक्तीने कळत नाही.

वरखालचा फरक ०.०५ मिमीच्या आत असेल आणि कड लागत नसेल तर बारीक होनिंग (दगडाने बोअर हलका घासणं) करून नव्या रिंगा घालता येतात. ०.१० च्या वर गेला तर बोअर करा. मधल्या आकड्यांवर लोक भांडतात. माझं मत असं की इंजिन उतरवलंच असेल तर भांडू नका, बोअर करा. झिजलेल्या बोअरमध्ये "फक्त रिंगा" घालणं हा या धंद्यातला सर्वात लोकप्रिय फसवा खर्च आहे. रिंग प्रत्येक फेरीत उघडते-मिटते, वर जाऊन त्या कडेला आपटते, आणि काही महिन्यांत धूर परत येतो.

०.२५ ओव्हरसाइजने (मूळ मापापेक्षा ०.२५ मिमी मोठ्या पिस्टनने) भागेल असं वाटतं, पण झीज बहुधा एकाच बाजूला असते. मूळ मध्य कायम ठेवून ०.१३ मिमी एकतर्फी झीज साफ करायची तर व्यासात ०.२६ मिमी वाढवावं लागतं. म्हणजे ०.२५ पुरत नाही, सरळ ०.५० वर जावं लागतं. ०.५० ला बोअर ६९ मिमी होतो आणि ७९६ सीसीचं इंजिन ८०८ च्या आसपास जातं. गाडीला ते कळत नाही. तिन्ही सिलिंडर मात्र एकाच साइजचे करा.

९. पिस्टन आधी, बोअर नंतर

पहिल्यांदा मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोरिंगवाल्याकडे ब्लॉक टेम्पोतून नुसताच नेला. मिस्त्रीमामांनी ब्लॉककडे बघितलंच नाही. "पिस्टन कुठं हायत? पिस्टन बघितल्याबिगर टूल लावत न्हाई मी," म्हणाले आणि चहा सांगितला. तेव्हा राग आला होता. पण बरोबर तेच आहे. बोअर पुस्तकातल्या साइजचा करायचा नसतो, हातातल्या पिस्टनचा करायचा असतो : त्या पिस्टनचं मोजमाप अधिक त्याची फट. ही फट केसाच्या जाडीहूनही कमी असते, आणि ती बहुधा पिस्टनच्या खोक्यावर छापलेली असते. म्हणून खोकं फेकू नका, ब्लॉकसोबत द्या. कोणता पिस्टन कोणत्या सिलिंडरचा तेही ठरवून लिहून द्या.

बोरिंग करताना शेवटचे थोडे शतांश होनिंगसाठी ठेवायला सांगा. होनिंगच्या रेघा एकमेकींना छेदणाऱ्या, जाळीसारख्या हव्यात. त्या जाळीत ऑइल धरलं जातं. आरशासारखा गुळगुळीत बोअर दाखवून कुणी कौतुक केलं तर ते कौतुक परत करा. ब्लॉक परत घेताना तिन्ही बोअरचे आकडे बिलावर लिहून घ्या आणि तिथेच गेज लावून बघा.

आता इंजिन नंबरचं. नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो. ब्लॉक घासताना किंवा रंगवताना तो पुसट होणार नाही हे सांगून ठेवा. ब्लॉकला तडा असेल आणि कुणी स्वस्तात दुसरा ब्लॉक देऊ केला तर नंबर बदलतो, आणि आरटीओकडून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. बिल नसलेला ब्लॉक तर कुठून आला ते देवच जाणे. बोअर शेवटच्या साइजपर्यंत गेला असेल तर स्लीव्ह बसवून परत स्टँडर्ड करता येतो. ब्लॉक तोच, नंबर तोच, आरटीओची फेरी नाही.

१०. धुणं, दुसऱ्यांदा

माझं पहिल्यांदा बांधलेलं इंजिन इथे मेलं. होनिंग झालेला ब्लॉक मी रॉकेलने तीनदा धुतला, हवा मारली, बांधला. सहाशे किलोमीटरवर ऑइल खायला लागला. खोलल्यावर नव्या रिंगांचा चेहरा करडा, घासलेला. होनिंगच्या दगडाची बारीक पूड बिडाच्या छिद्रांत बसलेली असते. रॉकेल तिला हलवत नाही, फक्त ओली करतं.

गरम पाणी, साबण, नायलॉनचा ब्रश. घासा, पाणी ओता, पुन्हा घासा. मग पांढरी चिंधी ऑइलमध्ये बुडवून बोअर पुसा. चिंधी करडी झाली तर पुन्हा पहिल्यापासून. माझ्या दुसऱ्या वेळी सहाव्या धुण्यात ती पांढरी राहिली. ऑइलच्या वाटाही ब्रशने आणि हवेने साफ करा, आणि पाणी सुकायच्या आत बोअरला ऑइल लावा. बीड डोळ्यांदेखत गंजतं.

११. रिंगा

प्रत्येक रिंग ज्या बोअरमध्ये जाणार त्याच बोअरमध्ये तिची फट मोजा. ढोबळ हिशेब बोअरच्या व्यासाच्या ०.३ ते ०.४ टक्के, म्हणजे इथे ०.२० ते ०.३० मिमीच्या आसपास. शेवटचा शब्द मॅन्युअलचा. फट कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं भिडून रिंग तुटते आणि बोअर ओरबाडला जातो. बारीक कानशीने टोक थोडं घासून ती जमवा.

खालून वर चढवा. आधी ऑइल रिंगचा स्प्रिंग, त्याची टोकं एकमेकांवर चढता कामा नयेत, मग तिच्या दोन पातळ पट्ट्या, मग दुसरी रिंग, मग पहिली. दुसऱ्या रिंगवरचं अक्षर किंवा टिंब वर हवं. ती उलटी बसली तर ऑइल खाली खरवडण्याऐवजी वर चढवते, आणि तुम्ही सगळं नवं घालूनही निळा धूर बघत बसता. फटी एकाखाली एक येऊ देऊ नका, १२० अंशांवर ठेवा, पिनच्या रेषेत आणि पिस्टन दाबला जातो त्या बाजूला नकोत.

१२. बांधणं

बेअरिंगची फट आधी बघा. शेल आणि पिन कोरडे पुसा, पिनवर प्लास्टिगेजचा तुकडा ठेवा, कॅप पूर्ण टॉर्कने आवळा, क्रँक अजिबात न फिरवता सोडा, आणि चपटलेल्या दोऱ्याची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी जुळवा. बहुतेक छोट्या गाड्यांत ०.०२ ते ०.०५ मिमीच्या दरम्यान येते.

मग खरं बांधणं. शेलची पाठ कोरडी, चेहरा ऑइलने माखलेला. शेलच्या जिभा रॉडमध्ये आणि कॅपमध्ये एकाच बाजूला येतात. बोल्टांवर पाइपचे तुकडे, रिंगांना भरपूर ऑइल, रिंग कॉम्प्रेसर घट्ट, बाण टायमिंग बेल्टकडे. लाकडी दांड्याने हलके ठोके. आवाज बदलला किंवा पिस्टन अडला की तिथेच थांबा. रिंग बाहेर निसटून ब्लॉकच्या तोंडावर अडकलेली असते. पिस्टन बाहेर काढा आणि पुन्हा सुरू करा. आणखी एक ठोका मारावासा वाटतो, तोच रिंग मोडतो.

कॅपचे नट दोन-तीन टप्प्यांत मॅन्युअलच्या टॉर्कपर्यंत. एक पिस्टन बसला की क्रँक हाताने पूर्ण फिरवा, मग दुसरा. तिन्ही बसवून झाल्यावर क्रँक जड झाला तर कोणत्या रॉडने तो अडवला हे कळत नाही.

हेडला नवं पॅकिंग, बोल्ट मध्यापासून कडेकडे. टायमिंगच्या खुणा जुळवून बेल्ट चढवा आणि पान्याने इंजिन पूर्ण दोन फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा बघा. प्लगच्या वायरी लावताना फायरिंगचा क्रम १-३-२.

१३. पहिला स्टार्ट आणि पहिले हजार किलोमीटर

प्लग न लावता, कॉइल सोडून, सेल्फ थोडा थोडा मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मगच प्लग लावून चालू करा. सुरुवातीला थोडा धूर येतो, ते बांधताना लावलेलं ऑइल जळतंय. तासभर आयडलिंगवर ठेवायची जुनी सवय सोडा. रिंगा बोअरवर बसायला त्यांच्यामागे दाब लागतो आणि तो लोडवरच मिळतो. गाडी रस्त्यावर काढा, वेग सतत कमी-जास्त ठेवा, टॉप गिअरमध्ये रडवू नका, आणि हजार किलोमीटरपर्यंत पाचजण भरून आंबा घाट चढू नका.

ऑइल साधं मिनरल घाला. पहिलं पाचशेला बदला, फिल्टरसकट, आणि काढलेल्या ऑइलमध्ये पुन्हा चुंबक फिरवा. थोडी करडी पेस्ट चिकटणं ठीक, चकचकीत सळया नकोत. व्हॉल्व्हच्या फटी तेव्हाच तपासा.

दर दोनशे किलोमीटरला सकाळी, सपाट जागी, थंड इंजिनवर डिपस्टिक बघून वहीत आकडा लिहा. हजार झाले की तिन्ही प्लग काढा. टोक कोरडं आणि विटकरी-करड्या रंगाचं असेल तर वही मिटा. एखादा ओला, काळा, ऑइलकट निघाला तर त्याच सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या, आणि दुसऱ्या रिंगचं टिंब वर ठेवलं होतं का ते आठवा.